हीटरमागची जागा

सोमवार, ४

आले बाई एकदाची. मुलगा स्टेशनवर आला होता, वेळेवर आला होता आणि पेटी त्याने स्वतः उचलली. तिन्ही गोष्टी पहिल्यांदाच घडल्या, म्हणून लिहून ठेवते.

घर चौथ्या मजल्यावर. लिफ्ट आहे. मला वेगळी खोली दिलीय, खिडकीपाशी पलंग. खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे दिसतात. एकही धड पिळलेला नाही. छत्तीस वर्षं मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काढली, चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे कोट. आता दुसऱ्यांचे कपडे नुसते बघायचे आणि नावं ठेवायची. म्हातारपणी याहून काय हवं?

नात सात वर्षांची. मला बघून पहिलं काय म्हणाली, तर आजी, तुझी कवळी काढून दाखव. मी काढून दाखवली. मग तिने आपला समोरचा पडलेला दात दाखवला, म्हणजे दाताची फट. झाली आमची ओळख.

हॉलची अख्खी भिंत म्हणजे काचेची टाकी. आत दगडांचा ढीग, आणि निळे, पिवळे, नारिंगी मासे. सिक्लिड म्हणतात त्यांना. मी म्हटलं, किती गोजिरवाणे! मुलगा म्हणाला, दिसण्यावर जाऊ नकोस, महाभांडखोर जात आहे. त्याने एक जाड वही माझ्या हातात दिली. तू दिवसभर घरीच असणार, तर बघायचं आणि लिहायचं. कोण कोणाच्या मागे लागला, कोणी खाल्लं, कोण उपाशी राहिला. वहीचा पुढचा अर्धा भाग भरलेला आहे. माझ्याआधी सूनबाईची मावशी इथे राहायची, तिने लिहिलाय. अक्षर मुंग्यांच्या रांगेसारखं. मी तिसरीपर्यंत शिकलेली. असलं वाचायचं तर एकेक अक्षर बोटाखाली दाबून धरावं लागतं, नाहीतर पळतं. मावशी आता कुठे असते विचारलं, तर सूनबाई म्हणाली, तिला इथलं मानवलं नाही. आणि मिक्सर लावला.

मासे लिहायला सांगितलेत. मी माझंही लिहिणार. वही मोठी आहे.

मंगळवार, ५

मोजले. अठरा. तीनदा चुकले, कारण एकही मेला एका जागी ठरत नाही. नातीने त्यांना नावं ठेवलीत. निळा, अंगावर काळे पट्टे, तो मुकादम. मधला सगळ्यात मोठा दगड त्याच्या बापाचा. नारिंगी जाडी ती वकीलीण, कारण नसताना कुणाशीही वाद घालते. सगळ्यात लहान ती पिवळी. आणि एक आहे फाटकी.

फाटकी खाली येतच नाही. टाकीच्या कोपऱ्यात पाणी गरम करायचा हीटर आहे, काचेची नळी. तिच्यामागे, अगदी वर, उभी तरंगते. शेपटीच्या झिरमिळ्या झाल्यात, चादर मशीनच्या दारात अडकून फाटावी तशा. खायला टाकलं की ती दोन बोटं खाली सरकते, आणि सतराच्या सतरा तिच्यावर. मी काचेवर चापट मारली, ओरडले, शिव्या घातल्या. पाण्यातल्याला शिव्या घालून काय उपयोग! घसा माझाच बसला.

मुलाचं शास्त्र असं. दोनच मासे ठेवले तर एक दुसऱ्याला मारणारच. म्हणाला, लिहून ठेव, आई, दोन असले की एक मरतोच. लिहिलं. म्हणून टाकीत गर्दी करायची. गर्दीत मार वाटला जातो. मला हसू आलं. आमच्याकडे बावीस बायका आणि गरम पाण्याचा एकच नळ होता. आम्हालाही कुणीतरी असंच मोजून कोंबलं असणार.

संध्याकाळी सातला टाकीचा दिवा आपोआप विझतो, तसं घड्याळ लावलंय. विझण्याआधी दहा मिनिटं ते सगळ्यात वाईट भांडतात. विझल्यावर काय करतात ते दिसत नाही.

गुरुवार, ७

मासे भांडतात, माणसं मात्र भांडत नाहीत, हे नवल. गेल्या वर्षी या दोघांचा फोन आला की मागे ताटल्या फुटल्याचा आवाज यायचा. दोन महिन्यांपूर्वी सूनबाई फोनवर रडली होती, आई, तुम्ही या हो, कसंही करून या. आता बघावं तर दोघं एकमेकांना चहा ओतून देतात. मुलगा म्हणाला, तू आलीस आणि घर शांत झालं. मी म्हटलं, मग आधी का नाही बोलावलंस, गाढवा?

माझ्यावर मात्र तिघांची नजर. कवळी वाजते म्हणून हसायचं. मी चपला उलट्या काढते म्हणून हसायचं. संडासाचा नळ मी घट्ट बंद करत नाही, त्यावर पंधरा मिनिटं. मी काय, सोडते की काय! सूनबाईला म्हटलं, बाई, तुझ्या हातचं खाऊन माझी कवळी वाजते, आधी मुकी होती. सगळे हसले. हसायचे थांबले तेही एकदमच थांबले.

रविवार, १०

आज मासेवाला आला होता. टक्कल, गळ्यात टॉवेल, पिशव्यांत पाणी आणि पाण्यात मासे. तीन नवे आणले. एकटा आणायचा नसतो म्हणे. एकटा नवा आला की सगळ्यांचं लक्ष त्याच्यावर, दोन दिवसांत खलास. आणि आणायच्या आधी टाकीतले सगळे दगड उपसून उलटेपालटे करायचे. मग जुन्यांनाही आपली जागा सापडत नाही, सगळेच नवे होतात. मुकादम बिचारा वेड्यासारखा आपला दगड शोधत फिरत होता. मला बरं वाटलं.

जाताना मासेवाल्याने माझ्याकडे बघितलं आणि सूनबाईला विचारलं, या एकट्याच आल्या का? सूनबाईने त्याला लिफ्टपर्यंत पोचवलं.

दुपारी मुलाने घरातलं सामानही हलवलं. सोफा इकडे, कपाट तिकडे, जेवायचं टेबल खिडकीपाशी. माझा पलंग खिडकीपासून काढून स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. विचारलं, हे कशाला? तर म्हणाला, बदल बरा असतो. संध्याकाळी पाणी प्यायला उठले आणि जिथे काल वाट होती तिथे आज टेबलाचा पाय. नडगी सोलली. बदल त्याला बरा, नडगी माझी.

मंगळवार, १२

माझ्या शालीची कड कुणीतरी खाल्ली.

सूनबाई म्हणते, उंदीर. चौथ्या मजल्यावर, लिफ्टने आला असेल! मला अक्षर कळत नसेल, कापड कळतं. उंदराने कुरतडलं तर भुगा पडतो. कात्रीचा काप सरळ असतो. मशीनने ओढलं तर वीण सरकते. हे ओलं करून, ओठांत धरून, झटक्याने तोडलंय. एकेक घास. कड फाटकीच्या शेपटीसारखी झालीय.

हे मी जेवताना सांगितलं. तिघांनी ऐकून घेतलं, आणि मुलाने विचारलं, आई, मुकादमाने आज किती खाल्लं? या घरात भिंतीशी बोललेलं बरं. भिंत निदान विषय तरी बदलत नाही.

शुक्रवार, १५

आज माझं डोकं फिरलं आणि मी नको तो उद्योग केला.

फाटकीचा एक डोळा पांढरा झालाय. रोज तेच बघायचं आणि तेच लिहायचं, आज फाटकीला मारलं, आज फाटकीला मारलं. मी काय मार लिहायला आलेय? चहाची मोठी गाळणी घेतली आणि तिला उचलून बादलीत टाकलं. दया वगैरे काही नाही. कंटाळा आला होता.

अर्धा तास टाकी शांत होती. माशांना काही सुचेना, नुसते घिरट्या घालत होते. मग मुकादमाने वकीलिणीला धडक दिली, तिने तिसऱ्याला, आणि पाहता पाहता सगळे पिवळीवर तुटून पडले. सगळ्यात लहान ना ती. चारपर्यंत तिची शेपटी अर्धी झाली आणि ती हीटरमागे जाऊन उभी राहिली. रिकाम्या झालेल्या जागेत.

मुलगा घरी आला आणि ओरडलाच. तुला हात लावायला कोणी सांगितलं होतं? असा माझ्यावर तो कधी ओरडला नव्हता. फाटकीला परत टाकीत सोडली. पिवळीला सगळ्यांनी लगेच सोडलं. मुलगा मग शांत झाला, मला समजावल्यासारखं बोलला, एक लागतेच, आई. एक मार खाते म्हणून बाकीचे सुखाने राहतात. ती काढली की तिच्या वरची.

एक गोष्ट त्याने बघितली नाही, मी बघितली. फाटकी परत आल्यावर तिला सगळ्यात जास्त कोण मारत होतं? मुकादम नाही, वकीलीण नाही. पिवळी.

रविवार, १७

पुन्हा सामान हललं. आता माझा पलंग खोलीतच नाही. स्वयंपाकघरामागे कपडे धुवायची चिंचोळी जागा आहे, तिथे भिंतीवर पाणी तापवायचा बंब लावलाय. त्याच्यामागे. मी तोंडाचा पट्टा सोडला, म्हटलं, मला काय धुवायला टाकलंय? मुलगा म्हणाला, इथे ऊब आहे, तुझे गुडघे दुखतात ना. सूनबाईने मान हलवली. नातीने मान हलवली. तिघांची मान एकदम हलते, हे मी आधी कसं बघितलं नाही?

अंथरायला चादर दिली ती मावशीची. धुतलेली, घडी केलेली. उजेडात धरली. फिकट तपकिरी डाग, अर्ध्या चंद्रासारखे, पायांच्या बाजूला. रक्त गार पाण्याने धुवायचं असतं. गरम पाणी लागलं की डाग कापडाचाच होऊन बसतो. हे ज्याने धुतलं त्याला धुणं येत नव्हतं, किंवा घाई होती.

आता मावशीची पानं वाचते आहे. दिवसाला एक जमतं. आधी सगळे मासेच. आजच्या पानावर शेवटी लिहिलंय, आज माझा पलंग हलवला.

मंगळवार, १९

डाव्या पोटरीवर चावा आहे. अर्धा चंद्र, वर एक, खाली एक. कधी झाला कळलं नाही.

हेच चिडवतंय मला. सात वाजता मी हॉलमध्ये होते. टाकीचा दिवा विझला. तिघं उभी होती, टीव्ही चालू, आणि बघत कुणीच नव्हतं, तोंडं माझ्याकडे. ओठ थोडे उघडत होते, मिटत होते. मग सव्वासात. सूनबाई ताटं मांडत होती, हातातला चहा गार, पोटरी ओली. मधलं काही मला सांगता येत नाही. मी विसरभोळी नाही. कुठल्या वॉर्डाच्या किती चादरी आल्या ते मी कागदाशिवाय सांगायची.

सूनबाई म्हणाली, कुठेतरी आपटलात, आई. भिंतीला दात असतात का गं?

खालच्या ओळीत सहा खुणा. वरच्या ओळीत मध्ये एक नाही. फट आहे.

पोरीला जवळ घेऊन विचारलं. ओरडले नाही. तिला आठवत नाही म्हणाली, आणि खोटं बोलत नव्हती. मग फ्रॉकची बाही वर करून तिने तिच्या खुणा दाखवल्या. जुन्या, पांढऱ्या पडलेल्या. मोठ्या तोंडांच्या. या आईबाबांच्या, म्हणाली, दप्तर दाखवावं तसं. मावशीआजी होती तेव्हा नव्हत्या. मावशीआजी गेली मग झाल्या. तू आलीस, मग एकही नाही.

म्हणून सूनबाई फोनवर रडत होती.

पोरीचा राग येत नाही. का येत नाही ते लिहूनच टाकते. आमच्या बावीसजणींत एक नवी आली होती, तोतरी. सगळ्या तिला छळायच्या. तिच्या आधी शेवटची मी होते, माझे कपडे लपवायच्या, माझ्या ताटात साबण टाकायच्या. ती आली आणि मी सुटले. तिच्या हातावर उकळतं पाणी ओतलं ते कुणी? मुकादमीण नाही. मी.

गुरुवार, २१

मावशीचं शेवटचं पान वाचून झालं. चार ओळी. उद्या निघते. पोर दिवसभर मागे मागे फिरतेय. मी गेल्यावर तिचं काय होणार ते मला माहीत आहे. तरी जाते.

गेली ती. शिकलेली होती, म्हणून सगळं नीट लिहून गेली.

शुक्रवार, २२

पोटरी सुजली म्हणून दवाखान्यात गेले. तिथे रांग. रांगेत एक बाबा तीनदा पुढे घुसला, मी तीनदा मागे ओढला. यायला साडेसात झाले.

पोर बंबामागे उभी होती. माझ्या पलंगाच्या कोपऱ्यात, भिंतीला पाठ लावून. फ्रॉकची कड तुटलेली, ओली. रडत नव्हती. तिथे कसं उभं राहायचं ते तिला बरोबर माहीत होतं.

हॉलमध्ये मुलगा आणि सूनबाई जेवत होती. एकमेकांना वाढत होती.

जेवणं झाल्यावर मी सूनबाईला धरलं. भांडी घासत होती, पाठ वळवली नाही. म्हणाली, आई, आम्ही काही ठरवून करत नाही. मलाही नंतरच कळतं, तोंडाची चव बदललेली असते. मग नळ मोठा सोडला आणि म्हणाली, तुम्ही आल्यापासून तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता. सातच्या आत घरी येत जा. तुम्ही चिवट आहात, तुम्हाला जमेल.

म्हणजे माझी स्तुती झाली.

रविवार, २४

फाटकी मेली.

सकाळी तळाशी होती. डोळे नव्हते, कल्ल्यांपासून मागे नुसता काटा. मुलाने जाळीने काढली, कागदात गुंडाळली. दहाच्या आत पिवळी हीटरमागे. मासेवाल्याला फोन केला. दुसरी आणतो, म्हणाला. एकटीच.

सगळं हलवलं पुन्हा. माझा पलंग आता नाहीच. गादी आहे. जागेच्या दाराला कडी बाहेरून आहे, आज पहिल्यांदा दिसलं.

हिशेब सोपा आहे, तिसरीपर्यंतचा. मी गेले तर पोर. मी मेले तर पोर. तोवर मी किती पुरणार? मुलाला म्हटलं, तुझ्या मुलीसाठी तरी ही टाकी फोड. टाकीचं काय, आई? म्हणाला. खरंच कळलं नाही त्याला. नाहीतर मलाच कळलं नसेल.

मावशीने एक केलं नाही. ते मी करणार.

मंगळवार, २६

दोघं कामावर. शाळेच्या दारातून पोरीला घेतलं, बाईंना सांगितलं लग्नाला जातोय. पेटी, वही, तिचे दोन फ्रॉक. बसमध्ये तिने विचारलं, आजी, आपण दोघीच? म्हटलं, दोघीच. दोघीच बऱ्या.

माझी जुनी खोली रिकामीच होती. मालकीण म्हणाली, महिनाभर राहा. एक खिडकी, एक मोरी, मोरीत पाण्याचं पिंप. मासा नाही, टाकी नाही, काच म्हणून आरसासुद्धा नाही. पोर पोटभर जेवली. इतकं हलकं वाटतंय की कुणाशी तरी भांडावंसं वाटतं.

सात वाजले. काही झालं नाही.

म्हणजे आता सव्वासात झालेत, आणि काही झालेलं आठवत नाही.

बुधवार, २७

मुलाचा फोन. ओरडत होता. मागे सूनबाई ओरडत होती. ताटल्या. मी पोरीला नेलं म्हणून नव्हे, एकमेकांवरच. म्हणाला, आई, परत ये, आम्ही दोघंच आहोत इथे, दोघंच — कळतंय का तुला —

कळलं. मीच लिहून ठेवलंय. पाच तारखेला.

मागचं पान उघडून बसलेय. दोन असले की —

आम्ही किती आहोत?

गुरुवार, २८

सकाळपासून फोन लावते. वाजतो. उचलत नाही कुणी.

कवळी धुताना दातांत धागा. निळा. माझ्या अंगावर निळं काही नाही. पोरीच्या फ्रॉकची कॉलर बघितली. ओली करून, ओठांत धरून, झटक्याने. फट नाही मध्ये. सगळे दात सरळ एका ओळीत. असे सरळ फक्त कवळीचे असतात.

टाकीत नव्हतं ते. घरातही नव्हतं. धुलाईखान्यातच —

दुपारी कवळी पेटीत टाकली. कुलूप. किल्ली खिडकीतून गटारात. पोर हसली, बोळकी आजी, बोळकी आजी. हस म्हटलं. मार खाणारी मीच राहणार, ठरलं. चावू दे तिला. माझ्याकडे दातच नाहीत, म्हणजे मरणारी कोण ते —

साडेसहा. तिला म्हटलं, मालकिणीकडे जा, आठपर्यंत येऊ नकोस. जात नाही. मावशीआजी पण जा म्हणाली होती, म्हणते. हात सोडत नाही. कानफटात मारली. तरी जात नाही. कुणी ऐकतच नाही माझं, कधीच —

पावणेसात. दार उघडं ठेवलंय. सताड. म्हणजे तिला पळता —

ती मोरीत गेली. पिंपामागे. भिंतीला पाठ लावून उभी. मी काही केलं नाही अजून. मी इथे बसलेय, लिहितेय. लिहिणाऱ्या हाताने काही करता येत नाही. लिहीत राहायचं.

दार कुणी लावलं? उठले कधी मी?

पेटीचं कुलूप तसंच आहे. कोयंडा उपटलाय. नखांखाली गंज.

तिला म्हटलं पळ. म्हणताना दात वाजले —